कॉमर्स न घेता हिशेब शिकताना: एका दुकानाचा एप्रिल महिना

हिशेबाचे तीन सुवर्णनियम पहिल्याच दिवशी पाठ करायला घेऊ नयेत. घेणाऱ्याचं खातं नावे (डेबिट), देणाऱ्याचं जमा (क्रेडिट). येणारी वस्तू नावे, जाणारी जमा. खर्च-तोटा नावे, उत्पन्न-नफा जमा. नियम खरे आहेत. पण ते लावण्याआधी समोरचं खातं व्यक्तीचं, वस्तूचं की उत्पन्न-खर्चाचं हे ओळखावं लागतं, आणि सायन्स, आर्ट्स किंवा इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याचं घोडं तिथेच अडतं. 'देय भाडं' कुणालाही खर्चाचं खातं वाटेल. नियमांच्या हिशेबात ते व्यक्तीचं खातं ठरतं, कारण त्यात जागामालकाचं देणं असतं. अशी दोन-चार खाती समोर आली की पाठांतर कामाला येत नाही.

बेळगाव भागात आमच्यासारख्यांना हा विषय उशिराच भेटतो. दहावीपर्यंत मराठी शाळा, पीयूसीला (अकरावी-बारावीला) सायन्स किंवा आर्ट्स, आणि पदवीच्या मधल्या वर्षात व्यवस्थापनाचा एखादा पेपर येतो, नाहीतर बँकेच्या परीक्षांची तयारी सुरू होते. पुस्तकं इंग्रजी, घरातली उधारीची वही मराठी, सरकारी कागद कन्नड. मराठीतून पाया पक्का करायचा तर बालभारतीची अकरावी-बारावीची या विषयाची पाठ्यपुस्तकं नेटवर मोफत मिळतात. इंग्रजी परिभाषेसाठी एनसीईआरटीची अकरावीची पुस्तकं तशीच मोफत आहेत. दोन्ही शेजारी ठेवून वाचली तर क्लासची फारशी गरज पडत नाही. पण नुसतं वाचून हा विषय येत नाही. एका दुकानाचा एक महिना हाताने लिहून शेवटपर्यंत न्यावा लागतो.

सुरुवात आम्ही उलट्या टोकाकडून केली. शेवटचं पत्रक म्हणजे ताळेबंद, ते सगळ्यात आधी. त्यामागे एकच समीकरण आहे: मालमत्ता = देणी + भांडवल. दुकानात जे काही आहे ते कुणाच्या तरी पैशातून आलेलं आहे, बाहेरच्यांच्या किंवा मालकाच्या. दुहेरी नोंदीची, म्हणजे प्रत्येक व्यवहार दोन बाजूंनी लिहायची पद्धत पहिल्यांदा सविस्तर छापून आली ती १४९४ साली व्हेनिसमध्ये, लुका पाचिओली या गणितज्ञाच्या गणितावरच्या ग्रंथात. सायन्सवाल्यांनी हे लक्षात ठेवावं. हा विषय गणिताच्याच घरातला आहे, आणि समीकरण तोलून धरायची सवय इथे उपयोगी पडते.

बेळगावच्या शहापुरात साड्यांचं एक लहान दुकान १ एप्रिलला सुरू झालं असं धरू. दुकान काल्पनिक, आकडे सोपे.

मालकाने स्वतःचे २,००,००० रुपये दुकानाच्या बँक खात्यात भरले. बँक २,००,०००, भांडवल २,००,०००. गाळ्याचं डिपॉझिट ५०,००० दिलं: बँक कमी झाली, डिपॉझिट नावाची मालमत्ता वाढली, समीकरणाची उजवी बाजू हललीच नाही. कपाटं आणि काउंटर ३६,०००, तसंच. सोसायटीकडून १,००,००० कर्ज, वर्षाला १२ टक्क्यांनी: बँक वाढली, देणंही वाढलं. इचलकरंजीच्या व्यापाऱ्याकडून १,२०,००० चा माल उधारीवर आला: माल वाढला, व्यापाऱ्याचं देणं वाढलं. वर्षाच्या विम्याचे ६,००० बँकेतून गेले. खर्चापाण्यासाठी बँकेतून १०,००० रोख काढली.

एवढ्या नोंदी नुसत्या समीकरणात लिहून, प्रत्येक ओळीनंतर दोन्ही बाजूंची बेरीज करून बघावी. नावे-जमा हे शब्द अजून काढायचेही नाहीत. या टप्प्यावर दोन गोष्टी मनात पक्क्या बसतात. पहिली, कर्ज मिळालं म्हणजे उत्पन्न झालं नाही. दुसरी, पैसे गेले म्हणजे खर्च झाला असं नाही. डिपॉझिटचे ५०,००० परत मिळणार आहेत आणि कपाटं वर्षानुवर्षं वापरात राहणार आहेत. कॉमर्स न घेतलेले बहुतेकजण डिपॉझिट सरळ खर्चात टाकतात, आणि मग पहिल्याच महिन्यात दुकान बुडीत निघतं.

आता उरलेला महिना. रोख विक्री ६०,०००. उधार विक्री ३०,०००, त्यातले १२,००० महिन्याभरात रोख वसूल. इचलकरंजीला ७०,००० दिले, ५०,००० एनईएफटीने आणि २०,००० चेकने. भाडं ८,००० आणि नोकराचा पगार ९,०००, दोन्ही रोख. मालकाने घरखर्चासाठी गल्ल्यातून ५,००० उचलले. गल्ल्यातली ५०,००० रोख बँकेत भरली.

विक्रीने भांडवल वाढतं आणि खर्चाने ते घटतं, हे समजलं की समीकरण लांबवता येतं: मालमत्ता + खर्च + उचल = देणी + भांडवल + उत्पन्न. डावीकडच्या कुठल्याही खात्यात वाढ झाली की नावे, घट झाली की जमा. उजवीकडच्या खात्यात वाढ झाली की जमा, घट झाली की नावे. नावे म्हणजे डेबिट, जमा म्हणजे क्रेडिट. यापलीकडे नियम लागत नाही. सुवर्णनियम नंतर वाचले की तेच सांगताहेत हे आपोआप दिसतं.

नावे म्हणजे वाईट आणि जमा म्हणजे चांगलं, ही समजूत मात्र मुळापासून काढावी लागते, आणि ती बँकेच्या मेसेजमुळे घट्ट झालेली असते. 'तुमच्या खात्यात ५,००० क्रेडिट झाले' हा मेसेज बँकेच्या वहीतून आलेला असतो. आपण ठेवलेले पैसे बँकेला परत द्यायचे आहेत, म्हणजे ते बँकेचं देणं. देणं वाढलं, म्हणून त्यांच्या वहीत जमा. आपल्या वहीत तोच व्यवहार मालमत्ता वाढल्याचा, म्हणून बँक खातं नावे. पासबुकातली जमा ती आपल्या कॅशबुकातली नावे. इथे वेळ घालवावा. आपल्याच पासबुकाचं एक पान घेऊन प्रत्येक ओळ स्वतःच्या बाजूने आणि बँकेच्या बाजूने अशी दोनदा लिहावी. पानभर ओळी झाल्या की हा गोंधळ परत होत नाही.

ज्यांच्या घरी जुन्या पद्धतीच्या वह्या आहेत त्यांची अडचण आणखी एक. देशी पद्धतीच्या वहीत जमा डावीकडे आणि नावे उजवीकडे असते. कॉलेजच्या पुस्तकात नावे डावीकडे, जमा उजवीकडे. पद्धत तितकीच पक्की आहे, बाजू तेवढी फिरलेली आहे. आजोबांची खतावणी (खात्यांची वही) समोर ठेवून शिकत असाल तर पानाच्या वर बाजूंची नावं मोठ्या अक्षरात लिहा आणि दोन्ही पद्धती एकाच वहीत आणू नका.

वही कशी आखायची ते नेमकं सांगतो, कारण निम्म्या चुका आखणीतून येतात. एक फुलस्केप वही कीर्दीसाठी, म्हणजे व्यवहार घडले त्या क्रमाने लिहायला: तारीख, तपशील, खाते पान, नावे रक्कम, जमा रक्कम असे पाच रकाने. तपशिलात आधी नावे होणारं खातं, त्याच्या खालच्या ओळीत थोडं आत सरकवून जमा होणारं खातं, आणि त्याखाली एका ओळीत व्यवहाराचं कारण. कारणाची ओळ बरेचजण गाळतात. महिन्याने तेरीज (सगळ्या खात्यांच्या शिल्लकांची यादी) जुळत नाही तेव्हा तिचीच आठवण होते. दुसरी वही खतावणीची, प्रत्येक खात्याला स्वतंत्र पान. आपल्या दुकानाला चौदा खाती लागतात: भांडवल, बँक, रोख, डिपॉझिट, फर्निचर, कर्ज, खरेदी, इचलकरंजीचा व्यापारी, विक्री, उधार गिऱ्हाईक, भाडं, पगार, विमा, उचल. कीर्दीतली रक्कम खतावणीत उतरवली की लगेच खाते पानाच्या रकान्यात पान क्रमांक टाकायचा. तो रकाना रिकामा दिसला म्हणजे रक्कम उतरवायची राहिली, हे एका नजरेत कळतं.

माल वाढला असं समीकरणात लिहिलं होतं, पण खतावणीत मालाचं खातं नाही, खरेदीचं आहे. लहान दुकानात प्रत्येक साडी विकताना तिची मूळ किंमत नोंदवत बसणं परवडत नाही. म्हणून महिनाभर आलेला सगळा माल खरेदी खात्यात जातो, आणि महिनाअखेरीला उरलेला माल मोजून विकलेल्या मालाची किंमत काढली जाते. मोजणीला पर्याय नाही. कपाटातल्या साड्या हातात घेऊन मोजायच्या आणि प्रत्येकीसमोर खरेदीची किंमत लिहायची.

३० एप्रिलला खात्यांच्या शिल्लका काढून तेरीज मांडली. नावे बाजूला: बँक १,७८,०००, रोख १०,०००, गिऱ्हाईक १८,०००, डिपॉझिट ५०,०००, फर्निचर ३६,०००, खरेदी १,२०,०००, भाडं ८,०००, पगार ९,०००, विमा ६,०००, उचल ५,०००. बेरीज ४,४०,०००. जमा बाजूला: भांडवल २,००,०००, कर्ज १,००,०००, व्यापारी ५०,०००, विक्री ९०,०००. बेरीज ४,४०,०००.

पहिल्या फेरीत ती अशी सहज जुळत नाही. जुळली नाही की वही पहिल्या पानापासून तपासत बसायचं नाही. आधी फरकाच्या आकड्याकडे बघायचं. फरकाचा निम्मा आकडा कुठल्या व्यवहारात आहे का? वसुलीचे १२,००० गिऱ्हाइकाच्या खात्यात जमेऐवजी नावे पडले असतील तर फरक बरोबर २४,००० चा येतो. निम्म्यात सापडलं नाही तर फरकाला ९ ने भागून बघायचं. भाग पूर्ण गेला तर बहुधा दोन अंकांची अदलाबदल झालेली असते (५,४०० चे ४,५०० लिहिले तर फरक ९००), नाहीतर एखादं शून्य गळालेलं असतं. १८,००० ऐवजी १,८०० लिहिलं तर फरक १६,२००. त्याला ९ ने भागलं की १,८०० हा चुकीचा आकडाच हातात येतो. यामागचं गणित सरळ आहे, १० पटीतून १ पट गेली की ९ पट उरते. फरक एखाद्या शिल्लकेइतकाच असेल तर ते खातं तेरजेत घ्यायचं राहिलंय. हे सगळं करूनही फरक उरला तरच कीर्दीच्या पानापानाची बेरीज तपासायला बसावं.

परीक्षेची सवय असलेल्यांना तेरीज जुळली की उत्तर बरोबर आलं असं वाटतं. जुळलेल्या तेरजेच्या पोटातही चुका लपतात. व्यवहारच नोंदवला नसेल तर दोन्ही बाजू सारख्याच कमी होतात. कपाटाचे ३६,००० खरेदी खात्यात टाकले तरी तेरीज जुळते, पण फायदा ३६,००० ने घटतो आणि फर्निचर गायब होतं. मालकाची ५,००० ची उचल पगारात टाकली तरी जुळते. दुकान वेगळं, मालक वेगळा, ही रेघ जिथे पुसट असते तिथे ही चूक हमखास सापडते. घरच्या वाणसामानाचं बिल दुकानाच्या खात्यातून गेलं की ती उचल, खर्च नव्हे.

यानंतरचा टप्पा समायोजनांचा. या विषयातला सगळ्यात मोलाचा भाग हाच, असं आमचं मत आहे. इथेच रोकड मोजणं आणि हिशेब ठेवणं यातला फरक कळतो. एप्रिलमध्ये जे कमावलं आणि त्यासाठी जे खर्ची पडलं ते एप्रिलचं, पैसे कधीही येवोत-जावोत.

विम्याचे ६,००० बारा महिन्यांचे आहेत, म्हणून एप्रिलचा खर्च ५००, उरलेले ५,५०० आगाऊ दिलेली रक्कम म्हणून मालमत्तेत. एप्रिलचं हेस्कॉमचं वीजबिल मेमध्ये येईल, पण वीज एप्रिलमध्ये जळली. अंदाजे १,५०० खर्चात आणि तेवढंच देणं. कर्जाचा पहिला हप्ता मेमध्ये आहे, तरी एप्रिलचं व्याज १,००० चढलंच. फर्निचर दहा वर्षं टिकेल आणि शेवटी काही किंमत उरणार नाही असं धरलं तर वर्षाचा घसारा (वापरामुळे घटणारी किंमत) ३,६००, महिन्याचा ३००.

घसाऱ्यात एक गोंधळ ठरलेला असतो. मालकाच्या पुस्तकात सरळ रेषेने समान घसारा चालतो, तर आयकराच्या हिशेबात दर ठरलेले असतात आणि ते घटत्या शिलकीवर लागतात: फर्निचरला १० टक्के, कॉम्प्युटरला ४० टक्के. वस्तू घेतली त्या वर्षात ती १८० दिवसांपेक्षा कमी वापरली तर त्या वर्षी दर निम्मा. एकाच कपाटाच्या दोन ठिकाणी दोन किमती दिसल्या तर घाबरून जाऊ नये, उद्देश वेगळे आहेत.

उरलेला माल मोजला तर खरेदीच्या किमतीने ६३,००० चा निघाला. विक्रीच्या किमतीने तो जवळपास ९९,००० होतो. इथे मोह होतो, पण न विकलेल्या मालाचा नफा धरायचा नसतो. मूळ किंमत किंवा बाजारात सुटेल ती निव्वळ किंमत, यातली जी कमी ती घ्यायची. ९९,००० धरले असते तर नफा एका फटक्यात ३६,००० ने फुगला असता.

आता नफा-तोटा. विक्री ९०,०००. विकलेल्या मालाची किंमत १,२०,००० वजा ६३,०००, म्हणजे ५७,०००. ढोबळ नफा ३३,०००. त्यातून भाडं ८,०००, पगार ९,०००, विमा ५००, वीज १,५००, व्याज १,०००, घसारा ३००, एकूण २०,३०० गेले. निव्वळ नफा १२,७००.

ताळेबंद: बँक १,७८,०००, रोख १०,०००, गिऱ्हाइकांकडून येणं १८,०००, माल ६३,०००, डिपॉझिट ५०,०००, फर्निचर ३५,७००, आगाऊ विमा ५,५००. एकूण ३,६०,२००. दुसरीकडे कर्ज १,००,०००, व्यापारी ५०,०००, देय वीज १,५००, देय व्याज १,०००, आणि मालकाचं भांडवल २,००,००० अधिक नफा १२,७०० वजा उचल ५,०००, म्हणजे २,०७,७००. एकूण ३,६०,२००.

इथे वही मिटू नये. याच आकड्यांतून दुसरा प्रश्न सोडवावा. धंद्यातून या महिन्यात रोकड किती आली? गिऱ्हाइकांकडून ७२,००० आले. माल, भाडं, पगार आणि विमा यांत ९३,००० गेले. म्हणजे नफा १२,७०० आणि रोकड २१,००० ने कमी. तफावत ३३,७०० ची. ती कुठे गेली ते शोधता आलं की विषय समजला म्हणायला हरकत नाही: मालात ६३,०००, उधारीत १८,०००, आगाऊ विम्यात ५,५०० अडकले, मिळून ८६,५००. त्यातले ५०,००० व्यापाऱ्याने थांबून दिले, २,५०० वीज आणि व्याजाचे अजून द्यायचे आहेत, आणि ३०० घसाऱ्याला रोकड लागलीच नाही. ८६,५०० वजा ५२,८०० म्हणजे ३३,७००. नफ्यातली दुकानं रोकडीअभावी कशी अडचणीत येतात, ते या एका वजाबाकीत दिसतं.

कर्जाच्या हप्त्याचंही इथेच समजून घ्यावं. १,००,००० रुपये, १२ टक्के, बारा महिन्यांत फेड, तर हप्ता साधारण ८,८८५ बसतो. पहिल्या हप्त्यात व्याज १,००० आणि मुद्दल ७,८८५. दुसऱ्यात शिल्लक ९२,११५ वर व्याज ९२१ आणि मुद्दल ७,९६४. खर्च फक्त व्याजाचा. मुद्दल फेडल्याने देणं घटतं, नफ्याला त्याचा धक्का लागत नाही. आख्खा हप्ता खर्चात टाकणं ही नवशिक्यांच्या वहीत हटकून सापडणारी चूक आहे.

बँक मेळ जुळवणं त्यामानाने सोपं, फक्त शिस्त लागते. कॅशबुकात बँक १,७८,००० आहे आणि पासबुकात ३० एप्रिलला १,९७,८८२. इचलकरंजीला दिलेला २०,००० चा चेक अजून वटलेला नाही, आणि बँकेने १०० रुपये शुल्क अधिक १८ टक्के जीएसटी असे ११८ कापलेत. १,७८,००० अधिक २०,००० वजा ११८, म्हणजे १,९७,८८२. न वटलेल्या चेकसाठी आपल्या वहीत काहीच करायचं नाही, तो बँकेत पोचेल तेव्हा फरक आपोआप मिटेल. ११८ मात्र आपल्या वहीत यायलाच हवेत. मग नफा १२,५८२ होतो आणि ताळेबंदाची बेरीज ३,६०,०८२. क्यूआर कोडवरची विक्री थेट बँकेत जाते, गल्ल्यात नाही, हेही नीट पाळावं. सगळी विक्री रोख म्हणून लिहिली तर रोज रात्री गल्ला कमी भरतो आणि नोकरावर उगाच संशय जातो.

जीएसटी आम्ही मुद्दाम दुसऱ्या फेरीसाठी ठेवला. सीमाभागात खरेदी-विक्री लगेच राज्याबाहेर जाते, आणि पहिल्या फेरीत घेतला तर मूळ नोंदीच हरवतात. आता तेच दुकान नोंदणीकृत धरू. साडीवर ५ टक्के. इचलकरंजी महाराष्ट्रात, म्हणून बिलावर आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या व्यवहारावरचा जीएसटी) ६,०००. विक्रेत्याच्या जीएसटी क्रमांकाची सुरुवात २७ ने, आपल्या दुकानाची २९ ने. खरेदी खातं १,२०,००० नेच नावे, आयजीएसटी येणे खातं ६,००० ने नावे, व्यापारी १,२६,००० ने जमा. भरलेला कर खरेदीच्या किमतीत मिसळायचा नाही, कारण विक्रीवरच्या करातून त्याची वजावट मिळणार आहे. दुकान नोंदणीकृत नसतं तर वजावट मिळाली नसती आणि माल १,२६,००० चा धरावा लागला असता.

बेळगावातल्या ९०,००० च्या विक्रीवर सीजीएसटी (केंद्राचा) २,२५० आणि एसजीएसटी (राज्याचा) २,२५०. हा कर दुकानाचं उत्पन्न नाही, सरकारचं देणं आहे. आयजीएसटीची वजावट आधी आयजीएसटीच्या देण्यावर, मग सीजीएसटी आणि एसजीएसटीवर वापरता येते. म्हणून ६,००० मधून ४,५०० फेडले, १,५०० पुढे ओढले. सीजीएसटीची वजावट एसजीएसटीवर मात्र वापरता येत नाही, उलटही नाही, म्हणून खतावणीत तिन्हींची पानं वेगळी हवीत. आणि सीमेवरच्या दुकानदाराने लक्षात ठेवायची गोष्ट: मालाच्या धंद्यात कर्नाटकात वर्षाला ४० लाखांपर्यंतच्या उलाढालीला नोंदणी लागत नाही, पण राज्याबाहेर करपात्र माल विकायला सुरुवात केली की ती सवलत सहसा मिळत नाही. गडहिंग्लज किंवा चंदगडच्या दुकानाला साड्या पाठवायच्या असतील तर आधी नोंदणी.

टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर यानंतर. शहरातले बरेच क्लास टॅलीपासून सुरू करतात आणि विद्यार्थी एफ५ म्हणजे पेमेंट, एफ६ म्हणजे रिसीट एवढं शिकून बाहेर पडतो. टॅली बेरीज चुकू देत नाही, त्यामुळे तेरीज कायम जुळलेली दिसते. चुकतं ते खातं कुठल्या गटात टाकलं ते: डिपॉझिट खर्चाच्या गटात, उचल पगाराच्या शेजारी. हाताने केलेला एप्रिल महिना टॅलीत भरून ३,६०,२०० येतात का ते बघणं, हा उत्तम सराव. मोफत शैक्षणिक मोडमध्ये महिन्याच्या ठरावीक तारखांनाच नोंदी होतात, तेव्हा सगळे व्यवहार १ आणि २ तारखेत बसवावे लागतात. आकड्यांवर त्याचा परिणाम होत नाही.

पुढचा सराव घराबाहेर शोधायची गरज नाही. आपल्याकडे घरातलं कुणीतरी एखाद्या सोसायटीचं सभासद असतंच, आणि वार्षिक सभेआधी छापील अहवाल घरी येतो. त्यातला ताळेबंद उघडून बघा: भागभांडवल, राखीव निधी आणि ठेवी देण्यांच्या बाजूला, दिलेली कर्जं आणि गुंतवणूक मालमत्तेच्या बाजूला. नफा-तोटा पत्रकातला नफा ताळेबंदात कुठे उतरलाय ते शोधा, थकलेल्या कर्जांसाठी केलेली तरतूद गेल्या वर्षीपेक्षा किती वाढली ते बघा, आणि येणे व्याजाचा आकडा कर्जांच्या मानाने फुगलेला आहे का तेही. येणे व्याज म्हणजे उत्पन्नात धरलेले पण हातात न आलेले पैसे.

गणेशोत्सव मंडळाचा जमा-खर्च हा आणखी चांगला सराव, कारण त्यात सगळं रोकडीवर असतं आणि ते उत्पन्न-खर्च पत्रकात बदलावं लागतं. समजा, मागील शिल्लक १५,०००, वर्गणी १,८०,०००, देणग्या ४०,०००. खर्च: मूर्ती ४५,०००, मंडप ६०,०००, रोषणाई २५,०००, स्पीकर संच खरेदी ३०,०००. शिल्लक ७५,०००. आता तीन प्रश्न विचारायचे. वर्गणीतले १०,००० गेल्या वर्षीचे थकलेले आहेत का? मंडपवाल्याचे ३५,००० अजून द्यायचे आहेत का? आणि स्पीकर पुढची काही वर्षं वापरणार ना? तिन्हींची उत्तरं होय आली, तर या वर्षीचं उत्पन्न १,७०,००० अधिक ४०,०००, म्हणजे २,१०,०००. खर्च मूर्ती ४५,०००, मंडप ९५,०००, रोषणाई २५,००० आणि स्पीकरवर १५ टक्के घसारा ४,५००, म्हणजे १,६९,५००. वाढावा ४०,५००. पडताळा ताळेबंदाने घ्यायचा: वर्षाच्या सुरुवातीला रोख १५,००० आणि येणे वर्गणी १०,०००, मिळून निधी २५,०००, अखेरीला रोख ७५,००० अधिक स्पीकर २५,५०० वजा मंडपवाल्याचं देणं ३५,०००, म्हणजे ६५,५००. वाढ बरोबर ४०,५००. पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक मांडताना मात्र हातात धरायची रोकड ४०,०००, कारण पेटीतल्या ७५,००० मधले ३५,००० मंडपवाल्याचे आहेत.